टोस्टखालचा मजकूर

…डाग पसरत चालला होता. लोण्याचा डाग, कडेला किंचित पिवळा — आणि तो जिथे जिथे पोचत होता तिथला कागद काचेसारखा होऊन मागच्या बाजूची अक्षरं उलटी वर येत होती, पाण्याखालून कुणी तोंड वर काढावं तशी. चेंबरमध्ये बसलेल्या न्यायाधीशांनी टोस्टचा दुसरा तुकडा उचलला, चावला, आणि चावता चावता वाचलं. छापलेलं काही समोर आलं की वाचायचंच ही त्यांची लहानपणापासूनची खोड. औषधाच्या बाटलीवरचं, साबणाच्या वेष्टनावरचं, शेजारच्याच्या हातातल्या पेपरातलं. 'सदर जिल्ह्यांतील पाणी पिण्यास अयोग्य असल्याचे निष्पन्न झाले आहे. तथापि…'

तथापिपाशी जबडा थांबला.

हा तथापि ओळखीचा होता. कित्येक महिने तो त्यांच्या टेबलावर होता, एकटा, मागेपुढे काळ्या पट्ट्या घेऊन. ज्या सरकारची ही गुपितं फुटली होती त्या परक्या सरकारने कागद कोर्टात दिले ते असे, पानभर काळं आणि मधेच सुटलेला एखादा तथापि, एखादा सबब. जगाने ते कागद वाचले होते, घरी दूध टाकणाऱ्याने वाचले होते. पण कायद्याने ते अजून गुपितच होते, आणि न्यायाधीशांनी ते वाचायचे नव्हते. त्यांनी एवढंच ठरवायचं होतं, की ज्या प्रकाशकाने ते छापले आणि जो या देशात आसऱ्याला आला, त्याला खटल्यासाठी त्या सरकारच्या हवाली करावं की नाही. काल संध्याकाळी त्यांनी ठरवलंही होतं. निकालाचा मसुदा खणात होता, आणि त्यातला शेवटचा शब्द होता 'करावे'.

आता तथापिच्या पुढचं लोण्याखाली चकाकत होतं. वाचू नये… पण डोळे काय, ते आपले पुढे गेलेच. 'तथापि जनतेस कळवू नये, घबराट होईल. मंत्रालयातील चहासाठी पाणी बाहेरून मागवावे.'

चहासाठी! न्यायाधीशांना हसू आलं, घास घशात अडकला, आणि पाण्याच्या ग्लासाकडे गेलेला हात मधेच घुटमळला.

मग त्यांनी कागदाची कड पाहिली. सरळ, आणि दर बोटभर अंतरावर एक बारीक लाट — ही कात्री त्यांच्या ओळखीची होती. शिरस्तेदार रोज सकाळी चेंबरमधल्या पेपरातून या खटल्याच्या बातम्या कापून काढत. साहेबांचं मन कोरं राहावं म्हणून ही पद्धत त्यांनी आपणहून सुरू केली होती. पेपर यायचा तो खिडक्या पडलेला. न्यायाधीश तो उघडून धरत तेव्हा हवामानाच्या शेजारच्या भोकातून समोर उभ्या शिरस्तेदारांचा समाधानी चेहरा दिसे. कापलेलं कुठे जातं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"कॅन्टीनच्या खिडकीत ठेवतो, साहेब. गुपित आहे, असं कचऱ्यात कसं टाकायचं? महिनाअखेरीला एकदम जाळणार होतो."

शिरस्तेदार नीटनेटके. तुकडे एका मापाचे, चौकोनी, घडी न पडलेले. कॅन्टीनच्या मावशींना ते बशीत घालायला दिले गेले आहेत असंच वाटलं असणार, आणि साहेबांच्या टोस्टला स्वच्छ कागद हवा म्हणून त्या ते फक्त साहेबांनाच लावत असणार. म्हणजे सगळ्या शहराला पेपरात इतर शंभर गोष्टी मिळत होत्या — सामने, लग्नं, पावसाचा अंदाज — आणि नेमकं जे मला वाचायचं नव्हतं तेवढंच, निवडून, पाखडून, लोणी लावून माझ्यापुढे येत होतं. देवा रे! कालचा टोस्ट आठवला. परवाचा. गेले काही दिवस या खटल्यातलं आपल्याला न सांगताच उमगतं आहे, त्याला त्यांनी मनातल्या मनात अनुभव असं नाव दिलं होतं.

शिरस्तेदारांचा चेहरा पांढरा पडला होता. पण ते साहेबांनी काय वाचलं हे विचारत नव्हते, पाण्याचं तर नाहीच नाही. ते विचारत होते, "पण मावशींना ते उचलायला कुणी सांगितलं? चौकशी करतो मी. सोडणार नाही."

कुणी सांगितलं…

हा आवाज कुठे ऐकला आपण? अस्साच, खालच्या पट्टीत सुरू होऊन शेवटी चिरकणारा — जेवणाच्या टेबलाशी, मुलीचे सासू-सासरे बसलेले असताना. आत्या शेंगांतले मटार सोलत होती. आई गेल्यावर त्यांना आणि धाकट्या भावाला वाढवलं ते या आत्याने. पहाटे उठून भजन म्हणणारी, सूर दर ओळीला हातातून निसटणारी आणि ती मात्र तो पुन्हा पकडायला प्रेमाने धावणारी. तिला आता गुडघ्यांमुळे जिना होत नाही, म्हणून वृद्धांच्या एका निवासात ठेवावं असं त्यांनी बायकोशी दार लावून बोललेलं. आत्ताच आत्याला सांगायचं नाही, उगाच घाबरेल. आणि आत्याने मटाराचा दाणा वाडग्यात टाकत सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "मला पाठवणार आहेत म्हणे. खोली कशी आहे रे? उजेड येतो का?"

तेव्हा मी म्हटलं होतं… कुणी सांगितलं तुला?

आत्याने नाव घेतलं नाही. मी सोलत बसते, कान काही मिटता येत नाहीत, म्हणाली. त्यांनी बायकोवर संशय घेतला, मुलीवर घेतला, भिंत किती जाड आहे हे वाजवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आत्या पिशवी घेऊन धाकट्या भावाकडे निघून गेली, आणि तेव्हापासून त्यांचा भावाला रोज फोन — तिला परत पाठव, चारचौघांत माझी शोभा केलीन, जाब द्यायला हवा. भाऊ एरवी त्यांच्यापुढे आवाज न काढणारा, पण आज सकाळी म्हणाला, "पाठवतो, दादा. पण आल्यावर तिचं काय करणार ते आधी सांग. सांगणाऱ्याचं नाव तिच्याकडून काढून घ्यायला बोलावत असशील तर ती इथेच बरी आहे."

ही काय अट झाली, म्हणून त्यांनी फोन आपटला होता. हवाली करण्याआधी तिथे त्याचं काय करणार ते विचारा, हाच मुद्दा मांडायला प्रकाशकाच्या वकिलाने एक आख्खा दिवस आणि दोन पेले सरबत घेतलं होतं. भावाने तो कपडे वाळत घालता घालता सांगितला.

"साहेब," शिरस्तेदार हलक्या आवाजात म्हणाले, "आपण वाचलंच नाही असं धरू. कुणाला कळणार आहे? तुम्ही खरं सांगितलंत तर खटला शेजारच्या दालनात जाईल."

शेजारच्या दालनातले न्यायाधीश! सरकारी वकील नुसते खाकरले तरी ते मान हलवतात. म्हणजे वाचलं असं सांगावं, तर त्या माणसाला शेजारच्या दारातून हवाली केल्यासारखंच; आणि न सांगावं, तर… तर मीही एक कागद दडवून बसलेला, जनतेस कळवू नये, घबराट होईल. त्यांनी वर पाहिलं, पंख्याच्या पलीकडे, जिथे पाहायची आत्याची सवय होती. तुझं बरं आहे, देवा. तू सगळ्यांचं सगळं ऐकतोस आणि कुणाला काही सांगत नाहीस, म्हणून तुला हवाली करा असं कोणी म्हणत नाही. पण खरंच सांगत नाहीस का तू? मग हा टोस्ट काय आहे?

त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती खिशात टाकली. लोणी आतल्या सदऱ्याला लागलं, बरोबर छातीपाशी, कोमट.

दालनात सगळे उठून उभे राहिले, बसले. प्रकाशक पिंजऱ्यात होता. इतके महिने न्यायाधीशांनी त्याच्याकडे कागदपत्राच्या वरून पाहिलं होतं, आज नुसतं पाहिलं. सर्दी झालेला, सदऱ्याचं बटण एक काज चुकवून लावलेलं, एवढ्या मोठ्या गुपिताला हा माणूस फारच लहान मापाचा वाटत होता. तो नाक पुसायला रुमाल शोधत होता, तो सापडत नव्हता, आणि शेजारच्या शिपायाने इकडेतिकडे पाहून हळूच आपला पुढे केला.

सरकारी वकील उठले. कागदांत काय आहे हा प्रश्नच नाही, महाराज, असं त्यांनी नेहमीच्या घोळदार आवाजात सुरू केलं. प्रश्न आहे तो ते बाहेर कसे आले, कुणी दिले, आणि याने ते नाव का सांगू नये. न्यायाधीश ऐकत होते. इतक्या सुनावण्या झाल्या, इतके दिग्गज बोलून गेले, पण ते पाणी आता प्यायच्या लायकीचं झालं का, हे एकानेही विचारलं नाही… माझ्यासकट. माझ्या फायलीत तर पाणी हा शब्दच काळा होता.

समोर ग्लास भरलेला होता. तहान लागली होती. त्यांनी तो उचलला, उजेडाकडे धरला आणि पाहू लागले, जरा जास्तच वेळ. वकिलांचं वाक्य अडखळून थांबलं. शिरस्तेदार खालून मान नकारार्थी हलवत होते, अगदी बारीक. प्रकाशकाने रुमाल नाकापासून खाली घेतला.

काहीतरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. जिभेवर सवयीचा शब्द येऊन बसलाच होता, कुणी… तो त्यांनी गिळला, आणि त्याच्या जागी दुसरा कुठला येतो याची वाट पाहत ते बसून राहिले. ग्लासातून खिडकी दिसत होती, इवलीशी, उलटी, उजेडाने भरलेली. त्या निवासातल्या खोल्यांना खिडक्या असतील ना? त्यांनी अंतर पाहिलं होतं, जिना नाही हे पाहिलं होतं. उजेड येतो का, ते पाहिलंच नव्हतं.