सुटलो

सुतार आणि पॉलिशवाला यांची मैत्री ज्याला ठाऊक नसेल, त्याला ते एकमेकांचे वैरीच वाटायचे. जुनं फर्निचर दुरुस्त करायच्या त्या कारखान्यात दोघांची टेबलं पाठीला पाठ लावून होती, आणि सकाळी दार उघडलं की दोघांची तोंडं सुटायची. "रंध्या, हा खुर्चीचा पाय आहे की मुळा?" पॉलिशवाला मागे न बघताच विचारायचा. तुझ्या पॉलिशखाली सगळं सारखंच दिसतं, तुला काय फरक पडतो, असं सुतार रंधा मारता मारता सुनवायचा. सुताराची बायको गेली तेव्हाही पॉलिशवाल्याच्या तोंडून सांत्वनाचा एक शब्द निघाला नव्हता. तो फक्त रोज दुपारी आपला डबा सुताराच्या पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचा, "गिळ लेका, तू आडवा झालास तर हे मुळे कोण तासणार?" सुतार मुकाट्याने गिळायचा. त्यात सगळं बोलून झालं असं दोघांनाही वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते झालंही होतं.

कारखान्यात तिसरी होती खुर्च्यांच्या गाद्या शिवणारी. तिला दोघंही ताई म्हणायचे. ताईची तऱ्हाच निराळी. तिच्या पोटात काही राहायचं नाही आणि दुसऱ्याच्याही ती राहू द्यायची नाही. दुपारी शेजारच्या दोघीतिघी तिच्या मशीनपाशी जमल्या की गुडघ्यांपासून जावयांपर्यंत सगळ्याचा पंचनामा व्हायचा, मधेच कुणी डोळे पुसायची, आणि पाचव्या मिनिटाला सगळ्या खिदळत असायच्या. पॉलिशवालाही हळूहळू तिथे स्टूल घेऊन टेकायला लागला. बायकांत बसून आता उशा शिवणार की काय, म्हणून सुताराने त्याला पार बेजार केलं. मनातून मात्र त्याला हेवा वाटायचा. ताईने त्यालाही कितीदा विचारलं होतं, कसं चाललंय म्हणून. "चाललंय," एवढं बोलून तो रंधा उचलायचा, आणि त्या आवाजात पुढचा प्रश्न विरून जायचा.

मग पॉलिशवाल्याचा आवाज बसला. बसला तो उठेचना. सुताराने त्याला फुटका भोंगा असं नाव ठेवलं आणि ते सगळ्यांना ऐकवलंही.

एका संध्याकाळी काम उरकल्यावर पॉलिशवाला टेबलाला वळसा घालून सुताराच्या समोर आला. असा तो कधी येत नसे. सुताराचं लक्ष सरस लावलेल्या सांध्यावर होतं, तो वाळायच्या आत शिकंजा आवळायचा होता. पॉलिशवाला थोडा वेळ लाकडाचा भुसा बोटाने इकडेतिकडे करत राहिला.

"रंध्या, आता माझी बडबड बंद," तो म्हणाला. "कायमची."

"सुटलो," सुतार म्हणाला. मानही वर न करता.

 पॉलिशवाला घशात खरखरत हसला, सुताराच्या पाठीवर थाप मारली आणि गेला. तो काही दिवस लेकीकडे राहायला जातोय, एवढंच सुताराला ठाऊक होतं.

दिवस जात राहिले. पाठीमागचं टेबल गप्प होतं. सुताराला करमेना, पण कुणाला विचारायचा त्याचा स्वभाव नव्हता. शेवटी एक दिवस ताईच मशीन थांबवून त्याच्याकडे आली.

"तुम्ही एकदाही भेटायला गेला नाहीत?"

"कुणाला?"

ताई बघतच राहिली. घशात गाठ होती, स्वरयंत्र काढून टाकलं, आवाज गेला, असं ती सांगत गेली आणि सुताराच्या हातातली पटाशी तशीच राहिली. "मी त्यांना म्हटलं होतं, तुमच्या मित्राला नीट बसवून सांगा," ती म्हणाली. "ते म्हणाले, सांगितलं. सुटलो म्हणाला, म्हणजे त्याला कळलं. नंतर तुम्ही आला नाहीत, तर म्हणाले... म्हणजे खुणेनेच म्हणाले, नको येऊ दे, त्याला बघवणार नाही."

दुसऱ्याच दिवशी ती त्याला लेकीच्या घरी घेऊन गेली. वाटभर सुताराने एक चांगली सणसणीत शिवी घोळवली होती. पण खोलीत खिडकीपाशी बसलेला, गळ्याला रुमाल बांधलेला आपला मित्र दिसला आणि ती घशातच राहिली. परतफेड करू न शकणाऱ्याला कसं टाकून बोलायचं? आणि त्याशिवाय दुसरं काही बोलायला तो शिकलाच नव्हता.

ताईचं मात्र सुरू झालं. ती बोलत होती, पॉलिशवाला नुसते ओठ हलवत होता, आणि ती बरोबर जागी हसत होती. सुताराला त्यातला एकही शब्द लागत नव्हता. एवढी वर्षं ती दोघं समोरासमोर बसून बोलली होती. याने मित्राचं बोलणं फक्त पाठीने ऐकलं होतं. बोलताना त्याचं तोंड कसं होतं ते याला माहीतच नव्हतं. त्याला इतकं एकटं बायको गेल्यावरही वाटलं नव्हतं.

मग पॉलिशवाला त्याच्याकडे वळला. ओठ हलले. लहानसंच काहीतरी. पुन्हा हलले. सुताराने हताश होऊन ताईकडे पाहिलं.

ताई म्हणाली, "सुटलास का, असं विचारतायत."

थट्टा होती की तो खरंच विचारत होता? आवाज असता तर पाठ फिरवूनही कळलं असतं. सुताराने स्टूल ओढलं आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ, त्याच्या समोर बसला.

"नाही रे," तो म्हणाला. "मला कळलंच नव्हतं. मला वाटलं, नेहमीसारखंच बोलतोयस."

पॉलिशवाल्याचे ओठ पुन्हा हलले, या वेळी बराच वेळ. ताई सांगायला पुढे झाली, तसा सुताराने हात वर करून तिला थांबवलं.

"परत बोल," तो मित्राला म्हणाला. "हळू बोल जरा. मी बघतोय."