कान बंद केलेलं इंजिन

मी एक फुटलेलं इंजिन आहे. जुनं म्हणावं तर वय जेमतेम पाच वर्षं. हिंगोलीत सेनगाव रस्त्याला भीमराज मिस्त्रींचं गॅरेज आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये मला एका लोखंडी घोड्यावर ठेवलेलं असतं. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. तीत आग आहे, रक्त आहे आणि मोडलेली हाडं आहेत. तरी ऐका, कारण ती खरी आहे.

हाणामारी हा माझा धंदाच होता. तुम्ही गाडीत बसून गाणी ऐकता तेव्हा माझ्या पोटात मिनिटाला हजारो स्फोट होत असतात. मी तीन सिलिंडरचं, ॲल्युमिनियमचं, लहानखुरं. पण माझ्या गळ्यात टर्बो होता. वाया जाणाऱ्या धुरावर तो भोवऱ्यासारखा फिरायचा आणि बाहेरची हवा माझ्या छातीत कोंबायचा. त्या कोंबलेल्या हवेत पेट्रोलची पिचकारी थेट सिलिंडरच्या आत सुटायची. जुन्या इंजिनांत पेट्रोल दारातच हवेत मिसळायचं, माझ्यात ते घरात शिरून फुटायचं. म्हणून मी एवढंसं असूनही मोठ्या इंजिनाचं काम करायचो.

मला घडवणाऱ्यांनी माझी सगळी ताकद मात्र मोकळी सोडली नव्हती. थोडी राखून ठेवली होती. आणि मला एक कानही दिला होता. सुपारीएवढी वस्तू, ब्लॉकला, म्हणजे माझ्या धडाला, बोल्टने आवळलेली. आत पेट्रोल अवेळी फुटलं की ठोका पडतो. तो ठोका कानाला ऐकू जायचा, आणि माझा मेंदू, म्हणजे पुढच्या बाजूला बसवलेली ती चपटी पेटी, लगेच माझा हात आवरायचा.

माझी गाडी कुलदीप राठोडने घेतली. नरसीजवळच्या तांड्यावरचं घर त्याचं, आणि हिंगोलीत मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. वडील रूपसिंग. त्यांनी तीस वर्षं एसटी चालवली आणि एकदाही कुणाला खरचटू दिलं नाही. पहिल्या दिवशी ते माझ्या बॉनेटला कान लावून उभे राहिले. मग म्हणाले, "गुणी हाय. पण दमानं घे रे पोरा, लहान हाय ते."

कुलदीपला दम नव्हता. सहा महिन्यांत त्याने कुठेतरी ऐकलं की अशा टर्बो इंजिनांत लपलेली ताकद असते आणि नुसता लॅपटॉप जोडून ती बाहेर काढता येते. तो मला भीमराज मिस्त्रींकडे घेऊन आला. मिस्त्री पाने-पकडीचे माणूस. लॅपटॉपचं काम त्यांची मुलगी करुणा करायची. तिने पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये तीन वर्षं गाड्यांचे मेंदू वाचले होते, आणि आता वडिलांच्या गॅरेजात परत आली होती.

करुणाने मला तारा जोडल्या. आकडे बघत बसली. कुलदीप घाई करत होता.

"कंपनीनं ह्याच्यात मोप जागा ठेवली हाय म्हणतात. काढ ना सगळी."

"जागा हाय, कुलदीपभाऊ. पण रिकामी न्हाई ती," करुणा म्हणाली. "ती मे महिन्यातल्या उन्हासाठी हाय, खराब पेट्रोलसाठी हाय. आपल्या चुकीसाठी हाय. थोडी घेऊ. सगळी घेतली तर ज्या दिवशी चूक हुईल त्या दिवशी हातात काहीच उरणार न्हाई."

तिने थोडीच घेतली. माझी ताकद शंभर घोड्यांची होती, ती एकशे अठरा झाली. वर तिने चार गोष्टी बजावल्या: ऑइल लवकर बदलायचं, प्लग लवकर बदलायचे, पेट्रोल चांगलं भरायचं, आणि टॉप गिअरमध्ये गाडी हळू चालली असताना एक्सलेटर दाबायचा नाही.

मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. मला आवडलं. औंढ्याचा चढ मी एका दमात चढायचो. मागे बसणारी माणसं सीटला चिकटायची आणि हसायची. कुलदीप माझ्या डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायचा, "वा रे माझ्या वाघा!" मला वाटायचं, अजून हवं. यंत्रालाही चटक लागते.

चटक लागलेली दोघं एकत्र आली की तिसऱ्याचं ऐकत नाहीत. चौथ्या वर्षी नरसी रस्त्याला एक दिवस तातेरावच्या नव्या गाडीने आम्हाला मागे टाकलं. तातेराव कुलदीपचा शाळासोबती. जाता जाता त्याने खिडकीतून करंगळी दाखवली, 'एवढुसं इंजिन' अशा चेष्टेत. कुलदीपचा चेहरा काळा पडला. तो तसाच करुणाकडे आला.

"अजून वाढव."

"न्हाई."

"काहून न्हाई?"

"फुटंल म्हणून न्हाई," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

पुसेगावला नरसिंग नावाचा एकजण यायचा. लॅपटॉप घेऊन चहाच्या हॉटेलसमोर कडुलिंबाखाली बसायचा आणि तासाभरात कुणाच्याही गाडीचा मेंदू बदलून द्यायचा. कुलदीपने मला त्याच्याकडे नेलं. माझे आकडे नरसिंगने बघितलेसुद्धा नाहीत. दुसऱ्याच कुठल्या गाडीची फाइल माझ्यात ओतली. मग गाडी सुरू केली, तर ठोके पडायला लागले, आणि माझा मेंदू माझा हात आवरायला लागला. नरसिंग हसला. "हे सेन्सर लई डरपोक असतंय. बंद करून टाकतो. मंग बघा पिकअप."

त्याने माझा कान बंद केला.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाहेर पारा त्रेचाळीसवर. आत पेट्रोल वेळेआधी पेटायचं, वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर घण पडल्यासारखं फुटायचं. पिस्टनच्या कडा तासल्या जात होत्या. टर्बो लालभडक व्हायचा. मी खडखडून ओरडत होतो आणि माझाच मेंदू शांतपणे आणखी पेट्रोल सोडत होता. कुलदीपने रेडिओचा आवाज वाढवला.

मेच्या अखेरीस पुसेगावला लग्न होतं. दुपारी जेवून कुलदीप आणि रूपसिंग परत निघाले. रूपसिंग पुढच्या सीटवर. पाचच मिनिटांत म्हातारा ताठ बसला.

"कुलदीप, हे ऐकून राहिला का तू? खडखड करून राहिलं ते. थांबव बाजूला."

"काही न्हाई बापू, पेट्रोल खराब हाय."

"तीस वर्सं इंजिनाच्या बाजूला बसलो मी. थांबव म्हणतो ना!"

तेवढ्यात पुढे तातेरावची गाडी दिसली. मध्ये कडब्याचा ट्रॅक्टर. आमची गाडी टॉप गिअरमध्येच रांगत होती. ट्रॅक्टर बाजूला झाला, रस्ता मोकळा झाला, आणि कुलदीपने गिअर न बदलता एक्सलेटर तळाला दाबला.

माझ्या दुसऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टन अजून अर्ध्या वाटेवरच होता. ठिणगी पडायची होती. त्याआधीच पेट्रोल पेटलं. वर येणारा पिस्टन आणि खाली उतरणारा स्फोट समोरासमोर आदळले. पिस्टन फुटला. त्याला धरणारा रॉड तुटला, मोकळा झाला, आणि दुसऱ्या फेरीत माझीच बरगडी फोडून बाहेर आला. ज्या दांड्याने चार वर्षं गाडी ओढली, त्यानेच माझी कूस फाडली.

उकळतं ऑइल लाल टर्बोवर पडलं आणि भडका उडाला. उरलेलं चाकांखाली सांडलं. गाडी दोनदा गरगरली आणि डाव्या अंगाने बाभळीच्या बुंध्यावर जाऊन आपटली. त्या अंगाला रूपसिंग बसले होते.

पत्रा आत घुसला, तो त्यांच्या पायावर. कुलदीपच्या कपाळातून रक्त वाहत होतं, पण तो बाहेर पडू शकला. बाहेर पडून तो नुसता "बापू, बापू" करत उभा राहिला. माझ्या बॉनेटमधून ज्वाळा निघत होत्या. तेव्हा पुढे गेलेली गाडी उलटी फिरली. तातेराव धावत आला. त्याने ट्रॅक्टरवाल्याला हाका मारल्या, दोघांनी फावड्याने माती ओतून मला विझवलं. मग तातेरावने भाजणाऱ्या दाराला उघड्या हातांनी धरून ते ओढून काढलं. तळहाताची कातडी दाराला चिकटून राहिली.

रूपसिंग वाचले. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पंचनामा झाल्यावर माझी जळकी गाडी क्रेनने भीमराज मिस्त्रींच्या आवारात आणून टाकली. चौथ्या दिवशी सकाळी कुलदीप तिथे आला. हातात चाकं खोलायची लोखंडी टामी होती.

"तुह्या पोरीनं माझ्या बापाचा पाय खाल्ला!" तो ओरडला.

मिस्त्री हात पुसत पुढे आले. "बस आधी. पाणी घे."

टामी फिरली. टेबलावरचा लॅपटॉप फुटला, काचेच्या बरण्या फुटल्या, नटबोल्ट जमिनीवर सांडले. करुणा भिंतीपाशी होती. "नरसिंगचं काम हाय ते, तुमाला म्हाईत हाय," ती म्हणाली. ते खरं होतं आणि म्हणूनच ते त्याला सोसलं नाही. त्याने टामी तिच्या डोक्यावर उगारली.

मिस्त्रींनी मध्ये उजवा हात घातला.

मित्रांनो, माझा रॉड तुटल्याचा आवाज मी ऐकला होता. तो हाताच्या आवाजापुढे काहीच नव्हता. मनगट दोन जागी मोडलं. मिस्त्री गुडघ्यावर बसले. शेजारच्या दुकानांतली माणसं धावली, त्यांनी कुलदीपला खाली पाडलं, लाथा घातल्या. करुणानेच ओरडून ते थांबवलं. "बस करा! पोलिसांना बोलवा. मला त्याला मारायचं न्हाई, मला हे पोलिसांत लिहून पाहिजे."

तिने तक्रार लिहून दिली. कुलदीप काही दिवस आत राहिला, जामिनावर सुटला. मग एका सकाळी रिक्षा आवारात येऊन थांबली. कुबड्या घेतलेले रूपसिंग उतरले, मागे मान खाली घातलेला कुलदीप. रूपसिंग म्हणाले, "पोरी, इंजिन खोल. मला बघायचं हाय."

वडिलांचा हात प्लास्टरमध्ये. करुणाने एकटीने मला खोललं. पिस्टनचे तुकडे कापडावर मांडले. आगीतून वाचलेली माझ्या मेंदूची पेटी उसन्या आणलेल्या लॅपटॉपला जोडली.

"ही फाइल माझी न्हाई, काका. माझ्या फाइलमध्ये कान चालू होता. ह्याच्यात बंद केलाय. तारीख बघा."

रूपसिंगने तारीख वाचली. मुलाकडे बघितलं.

"मीच नेली होती पुसेगावला," कुलदीप म्हणाला. "बापू, चूक माझीच हाय हे मला पहिल्या दिवसापासून म्हाईत होतं."

रूपसिंगने कुबडी उचलली. मला वाटलं, आता हाणतात. कुबडी हवेतच थांबली आणि खाली आली. ते मिस्त्रींकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. तोल जाऊ नये म्हणून मिस्त्रींनी डाव्या हाताने त्यांना धरलं.

"काका, केस मी मागं घेणार न्हाई," करुणा म्हणाली.

"घेऊ नको, पोरी. माझं पोरगं हाय म्हणून तर घेऊ नको."

केस अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला कुलदीप कोर्टात जातो आणि टामी आपणच उगारली होती असं सांगतो. वकील त्याला गप्प राहायला सांगतो, तो राहत नाही. नरसिंग पुसेगावला परत आला नाही.

मला करुणाने भंगारात घातलं नाही. आजही पोरं येतात, आपल्या टर्बोतून किती घोडे निघतील ते विचारतात. ती नाही म्हणत नाही. बरोबर मोजून, जेवढं झेपेल तेवढं काढून देते. पण आधी आपल्या बाबांना जवळ बोलावते आणि त्यांच्या उजव्या हातात एक साधा पाना देते. मिस्त्री बोटं मिटायचा प्रयत्न करतात. पाना घसरून खाली पडतो.

मित्रांनो, गाडीतून ताकद जरूर काढा, त्यात पाप नाही. पण ठोका पडत असेल तर थांबा. मोठं माणूस थांब म्हणत असेल तर थांबा. चूक झालीच तर ती आपली म्हणा, दुसऱ्याच्या दारात टामी घेऊन जाऊ नका. माझ्यासारखी इंजिनं कारखान्यात रोज शेकड्यांनी बनतात. मिस्त्रींच्या हातासारखे हात तिथे बनत नाहीत.