साडेसहा हजारांपलीकडचे पक्षी

न्यूझीलंडमधल्या मर्चिसन गावात नोएलीन ट्रिपच्या वाटेला सहसा कुणी जात नसे, आणि तिच्या टिटिपौनामूंबद्दल तर कुणी चकार शब्द काढत नसे. अंगठ्याएवढा हा हिरवा पक्षी बीच वृक्षांच्या रानात राहतो. सत्तावीस वर्षं दर वसंतात ती रानातल्या त्याच दहा खुणांपाशी पाच-पाच मिनिटं उभी राहून पक्षी मोजत आली होती. मोजायचे ते बहुतेक कानांनीच, कारण एवढ्या दाट पानांत दिसतो कोण? गेल्या चार वसंतांत टिटिपौनामूचा आकडा नऊवरून सहावर, सहावरून दोनवर आणि यंदा थेट शून्यावर आला. नोएलीननं सगळं खापर घरट्यांवर डल्ला मारणाऱ्या मुंगसासारख्या स्टोटवर फोडलं. सापळे दुप्पट लावून घेतले आणि शेजारच्या बेरिलच्या मांजरीलाही चारचौघांत शिव्या घातल्या.

मग पक्षीमंडळाच्या रसेलचा फोन आला. मंडळातली नवी मुलगी मेरेआना त्याच खुणांवरून फिरून आली होती. तिला अकरा ऐकू आले होते.

"तिचे कान तरणे आहेत हो," रसेल म्हणाला. "तुम्ही आता आराम करा. रविवारी येऊन मोजणीचे कागद घेऊन जातो. मंडळातर्फे तुमच्यासाठी निरोपाचा छोटासा चहाही ठेवू."

"चहा माझ्या मयताला ठेव," म्हणून तिनं फोन बंद केला. पण मनात पाल चुकचुकलीच.

शनिवारी दुपारी तिनं फ्रिजची पिन काढली, भिंतीवरचं घड्याळ बाहेर नेऊन ठेवलं आणि स्वयंपाकघरात खुर्ची टाकून भिंतीकडे तोंड करून बसली. मागे नवरा कॉलिन फोन घेऊन बसला. फोनवर हर्ट्झचा आकडा वाढवला की आवाज बारीक बारीक होत जाई. कॉलिनचे कान लाकडाच्या गिरणीनं कधीच खाल्लेले, त्यामुळे त्याला नुसता आकडा वाचता येई. आवाज खरंच लागलाय का, ते टेस कुत्रीच्या कानांवरून ठरवायचं.

चार हजारांना नोएलीनचा हात वर गेला. पाचला गेला, सहाला गेला. साडेसहाला अर्धाच गेला. मग बराच वेळ काही नाही, आणि एकदम तिनं झोकात हात वर केला.

"अगं, आता तर लावलाच नव्हता," कॉलिन म्हणाला.

"मग लाव ना!"

"लावला. सात. आता आठ." टेस कान टवकारून उभी राहिली. "आता दहा." टेस जाऊन दार खरवडू लागली. नोएलीनला फक्त तिची नखं ऐकू येत होती.

पक्षी कुठे गेलेच नव्हते. चार वर्षं ते तिच्या डोक्यावर बसून ओरडत होते आणि ती खाली उभी राहून त्यांचं मरण लिहीत होती. तिला आधी रडू आलं, मग रडू आल्याचाच संताप आला.

"दे त्याला कागद," कॉलिन हळूच म्हणाला. "सुटशील."

"सुटशील म्हणजे? मी काय तुरुंगात होते?"

रविवारी रसेल फळांचा केक घेऊन दारात उभा राहिला. नोएलीननं केक बाजूला ठेवला आणि त्याच खुर्चीकडे बोट दाखवलं.

"आधी बस."

"अहो, माझं कशाला?"

"अठ्ठावन्नचा झालास. बस म्हणते ना!"

रसेल सातला अडकला. तिनं पुन्हा लावलं, तो पुन्हा सातलाच अडकला. त्याचा चेहरा बिटासारखा झाला.

"तुझ्या खुणांवरही टिटिपौनामू घटलेत ना?" ती म्हणाली. "मागच्या सभेत स्टोटवर पाऊण तास बोललास."

"नोएलीन, हे बाहेर गेलं तर लोक हसतील आपल्याला."

"हसू देत. माझे चार वर्षांचे टिटिपौनामूचे आकडे खोडा, असं पत्र मी कालच मंडळाला पाठवलंय. तुझ्या आकड्यांचं तू बघ. आणि येत्या शनिवारी खुणांवर मीच जाणार."

"पण तुम्हाला ऐकू येत नाही!"

"तुई येतो, काका पोपट येतो, रॉबिन येतो. ते मोजीन. टिटिपौनामूच्या रकान्यात लिहीन, 'कान पोचत नाहीत'. मेरेआनाला माझ्या शेजारी उभी कर, तिनं तिचं लिहावं. पण शून्य मी पुन्हा लिहिणार नाही. मला ऐकू येत नाही म्हणजे तो नाही, असं लिहायचा हक्क मला कुणी दिला होता?"

रसेलनं कागद मागितले नाहीत. केकही तसाच राहिला.

शनिवारी तिसऱ्या खुणेपाशी दोघी उभ्या होत्या. मोजताना बोलायचं नसतं. मेरेआनाची पेन्सिल भराभर चालत होती. नोएलीनला वारा ऐकू येत होता, लांबवर एक तुई, बाकी काही नाही. तेवढ्यात समोरच्या खोडावर एक जोडी उतरली. साल टोचत वर चढताना दोघांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. एवढासा जीव सगळं अंग हलवून ओरडत होता. तिच्यापर्यंत त्यातलं काहीसुद्धा आलं नाही. तिनं डोळे पुसले आणि 'दिसले'च्या रकान्यात दोन लिहिले.

पाच मिनिटं संपली तशी ती मान वर करून अख्ख्या रानाला ऐकू जाईल अशी खेकसली, "ओरडा मेल्यांनो, ओरडा! माझ्यासाठी थांबू नका!"