जावईबापू ‘येतो’ म्हणायला शिकले

माझ्या असेंब्लर प्रोग्रामचं टोपणनाव जावईबापू. माणसाला वाचता येतील अशा आज्ञा दिल्या की तो यंत्राला कळतील असे आकडे करून देई. पण थाट केवढा! आज्ञा एका फाइलीत वाढा, त्याला वेगळं आवतण द्या, उत्तर तो दुसऱ्या फाइलीत ठेवणार. तोवर चहा निवायचा.

भाचीने गिरणीसाठी नक्षीचा माग बनवला होता. दर नक्षीला त्याला नवे आकडे लागत.

“मामा, एका फुलाला चार मिनिटं! बारा वाजता गिरणीच्या बाई बघायला येतायत. असाच रखडला तर माग भंगारात!”

“मग जावईबापूंना घरातच आणू,” मी म्हणालो. असेंब्लरची लायब्ररी केली, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात राहील असा भाग, आणि माग चालवणाऱ्या भाचीच्या प्रोग्राममध्येच बसवली. आता हाक मारायची, आकडे थेट हातात!

साडेअकराला पहिली हाक. मागाने फूल असं झरझर विणलं की खोलीत वास सुटला. खोटं वाटत असेल तर त्या भुंग्याला विचारा. अजून कापड सोडत नाही.

दुसऱ्या नक्षीत भाचीने एक आज्ञा चुकीची लिहिली. खट्! माग थांबला, पडदा काळा, सगळा प्रोग्राम गायब.

“मामा! चूक एका ओळीत, आणि याने घरच बंद केलं?”

मी कपाळावर हात मारला. तीस वर्षांपूर्वी मीच शिकवलं होतं: चूक दिसली की चालू पडायचं. एकटा राहायचा तेव्हा ठीक होतं. आता पाहुणा यजमानाला घेऊन निघाला!

“सरळ ‘जातो’ काय म्हणतो? ‘येतो’ म्हणायला शिकवा की त्याला!”

अहाहा! पोरीने नेमकं दुखणं धरलं. ‘बाहेर पड’ असं एकेचाळीस ठिकाणी निघालं. तिथे तिथे लिहिलं, ‘चूक सांग आणि परत ये.’ शेवटचं बदलून माग पुन्हा फुलावर लावला तेव्हा जिन्यात बाईंच्या चपला वाजत होत्या.

बाई पक्क्या. पोपटाची नक्षी दिली आणि मुद्दाम एक आज्ञा वेडीवाकडी लिहिली. पडद्यावर आलं: ‘सहावी ओळ चुकली. दुरुस्त करा, येतो.’ माग आधीचं फूल विणतच होता!

बाईंनी ओळ सुधारली. आमचा पोपट करायला निघाल्या होत्या, तो झाला मागावर, हिरवागार.

“माग राहू दे,” बाई हसल्या. “जावईबापूही.”

ते कापड दाखवलं असतं, पण पोपट खिडकीतून उडाला. जाताना ‘येतो’ म्हणाला.