मुंग्यांचा कौल

सोमवारी मखमलाबादच्या त्या मळ्यात पाय ठेवायला जागा नसायची. पंचवटीतून माणसं यायची, दिंडोरीकडून जीप भरून यायच्या. अंगणात चौरंग मांडलेला असे आणि त्यावर स्वराज बसलेला. वय अकरा, पण तो बसला की खालचा चौरंग दिसेनासा व्हायचा. बुवाच्या कमंडलूतल्या पाण्यानं त्याचे पाय धुतले जायचे, ते पाणी शेजारच्या फरशीवर ओतलं जायचं. मग भजनाचे दोन फेर होईपर्यंत चाफ्याच्या बुंध्यातून मुंग्यांची रांग निघायची आणि थेट त्या पाण्याला जाऊन भिडायची. बाया हात जोडायच्या, पुरुष टोप्या काढायचे.

"माउली, मुंगीला कळलं," सावळीरामबुवा कमंडलू उंचावून म्हणायचा. "माणसाला कधी कळायचं?"

हा बुवा वर्षभरापूर्वीपर्यंत लग्नाचे मांडव घालायचा. मांडवाचा धंदा बसला आणि याच्या अंगात ज्ञान संचारलं. स्वराजच्या मानेवरचा काळा, जाडसर पट्टा पहिल्यांदा त्यालाच दिसला. हा नीलकंठाचा अंश आहे, त्यानं जाहीर केलं. विषाची खूण कंठाला असायची ती मानेच्या मागं कशी गेली, असं एकानं विचारलं, तेव्हा बुवा म्हणाला की या कलियुगात हलाहल मागूनच उतरतं. यावर काय बोलणार? मुलगा दिवसभर घटाघट पाणी पितो, ती विषाची आग. बसल्या बसल्या झोपतो, ती समाधी. आणि झोपेत जे घोरतो तो साक्षात ओंकार. आग शमवायला गोड नैवेद्य हवा, म्हणून भक्त पेढे, बासुंदी आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणायचे. कोल्ड्रिंकचा नैवेद्य कुठल्या पोथीत सांगितलाय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

स्वराजची आई सविता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघायची. कुणी तिच्या पाया पडलं तर पडू द्यायची. तिला अभिमान वाटत नव्हता, रागही येत नव्हता. ती बधिर झाली होती.

हे बधिरपण जुनं होतं. स्वराजच्या आधी तिला एक मुलगी होती. ती काडीसारखी पोर जुलाबांनी वाळत गेली आणि वर्षाच्या आत संपली. पुढं स्वराज झाला तेव्हा सासूबाईंनी, गोजराबाईंनी, त्याला मांडीवरून खाली ठेवला नाही. ताटातला शेवटचा घास पोटात गेल्याशिवाय नातवाला उठू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. बाळसं धरलं म्हणून शेजारणी कौतुक करायच्या. बाळसं जायच्या वयात ते वाढतच गेलं, तेव्हा 'खात्यापित्या घरचं पोर' म्हणाल्या. तोवर मळ्याचा अर्धा तुकडा प्लॉटवाल्यांनी घेतला होता. शेवंतीच्या वाफ्यांत पळायचं, बांधावरून उड्या मारायच्या, ते संपलं. घरात टीव्ही आला. शाळा चालत जाण्याइतकी जवळ, तरी मनोज, त्याचा बाप, त्याला स्कूटरवर सोडायचा. सवितानं कशालाच नको म्हटलं नाही. एक मूल उपाशी गेलं असं तिच्या मनानं घेतलं होतं, दुसऱ्याच्या तोंडापुढून वाटी काढायचा तिला धीर नव्हता.

दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यानंतर शाळेत मुलांची तपासणी झाली. डॉक्टर दिनेश गायधनींचा दवाखाना गावातच होता. त्यांनी स्वराजची मान पाहिली, वजन पाहिलं आणि आईवडलांना बोलावणं धाडलं. कुणी गेलं नाही. पुन्हा धाडलं. डॉक्टरची नजर वाईट, पोराचं अंग त्याच्या डोळ्यांत येतं, असा गोजराबाईंनी निकाल दिला. म्हणून एका सोमवारी डॉक्टर स्वतःच पाण्याचा कॅन घेऊन अंगणात उतरले.

बुवाला त्यांनी नम्रपणे नमस्कार केला. आज माझ्या हातून पाद्यपूजा होऊ द्या, एवढंच मागितलं. चारचौघांत नाही कसं म्हणणार? डॉक्टरांनी कॅनमधल्या पाण्यानं स्वराजचे पाय धुतले आणि ते पाणी दुसऱ्या कोरड्या फरशीवर ओतलं. भजनाचे दोन फेर झाले, चार झाले. एकही मुंगी फिरकली नाही.

तुमच्या मनात भाव नाही, बुवा म्हणाला.

"असेल," डॉक्टर म्हणाले. "आता तुमच्या भावाचं पाणी द्या." त्यांनी बुवाच्या हातून कमंडलू घेतला, अंगणातली प्लास्टिकची खुर्ची पुढं ओढली आणि तिचे चारही पाय त्या पाण्यानं धुतले. जरा वेळानं चाफ्यातून रांग निघाली ती सरळ खुर्चीच्या पायांशी आली.

"हिलाही चौरंगावर बसवायचं का?" डॉक्टरांनी विचारलं.

पुढच्या रांगेतल्या अक्काबाईंनी कमंडलूत बोट घातलं, जिभेला लावलं. "साखर हाय की रे यात, मेल्या," त्या म्हणाल्या आणि अंगण हसायला लागलं. चमत्कार मोडल्यावर जो तो आपल्याला आधीच संशय होता असं सांगू लागला. त्या गलक्यात बुवा दक्षिणेच्या ताटासह कधी निसटला ते कळलंही नाही. लोक चपला शोधू लागले. तमाशा संपला होता.

तेवढ्यात सविता पायरी उतरून खाली आली.

"डॉक्टर, मग मोरीत कोण साखर घालतं?"

डॉक्टर वळले.

"स्वराज लघवीला जाऊन आला की तिथं मुंग्या येतात. तिथं बुवा कधीच गेला नाय. मी रोज पाणी टाकते, त्या रोज येतात." ती भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलली. देवाचीच खूण असेल म्हणून आजवर बोलली नव्हती.

हसणं विरत गेलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा जिंकल्याचा आनंद पार उतरला. पाणी किती पितो, रात्री किती वेळा उठतो, अलीकडं थकतो का, हे त्यांनी हळू आवाजात विचारून घेतलं आणि चौरंगावरून पोराला हाताला धरून उतरवलं. संध्याकाळपर्यंत रक्ताचा रिपोर्ट आला. साखर जेवढी असावी त्याच्या दुपटीहून जास्त होती.

दवाखान्यात त्यांनी सविता, मनोज आणि गोजराबाईंना समोर बसवून समजावलं. खाल्लेलं गोड रक्तात साखर होऊन फिरतं. ते अंगाला लावायला शरीर एक रस बनवतं. अंगावर चरबी फार चढली की त्या रसाचं काही चालत नाही, म्हणून शरीर तो आणखी आणखी ओतत राहतं. मान काळी पडली ती त्यामुळं. नंतर तो रसही पुरेनासा होतो आणि साखर लघवीतून वाहते, म्हणून तहान, म्हणून मुंग्या. गळ्याभोवतीच्या चरबीनं रात्री श्वास अडतो, झोप पुरी होत नाही, म्हणून तो दिवसा पेंगतो. असंच चाललं तर पुढं डोळे, मूत्रपिंड, हृदय. औषध लागेल, तपासण्या लागतील, खाणं बदलावं लागेल, ते साऱ्या घराचं. आणि पळणं, रोज.

"म्या तर त्याला जपलं," गोजराबाई म्हणाल्या. "पोटाला कमी पडू दिलं नाय."

"आजी, तुमची माया खरी आहे," डॉक्टर म्हणाले. "पण तिला कुणीतरी थांब म्हणायला हवं होतं. पोराचा यात काही दोष नाही."

घरी येताना स्वराज स्कूटरवर आईला चिकटून बसला होता. त्यानं विचारलं, "आता माझ्या कुणी पाया पडणार नाही?"

सवितानं त्याला आणखी जवळ ओढलं.

"शाळेत मला ढोल म्हणतात," तो म्हणाला. "सोमवारी कुणी म्हणत नव्हतं."

हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या सोमवारीही काही बाया आल्याच, कारण चमत्कार मोडल्याच्या बातमीपेक्षा चमत्कार लांब पोचतो. हातात पेढ्यांचे पुडे, कडेवर-बोटाला पोरं. सविता फाटकात उभी राहिली.

"इथं देव नाय, आजारी पोरगं हाय," ती म्हणाली. "पुडे परत न्या. जे कळत नाय ते देवाच्या नावावर ढकललं आणि माझ्या पोराचं एक वर्ष गेलं. तुमच्या पोरांची तहान वाढली, मान काळी पडली, दिवसा पेंगायला लागली, तर दवाखान्यात न्या आणि आधी विचारा, का? लाज वाटू देऊ नका. आणि याच्यासाठी काही आणायचंच असंल, तर पोरं खेळायला पाठवा."

बहुतेक बाया नाराज होऊन गेल्या. दोघींनी आपली पोरं मागं ठेवली. उरलेल्या शेवंतीच्या वाफ्यांमधून ती पोरं पळाली आणि त्यांच्या मागं स्वराज निघाला. विहिरीच्या अलीकडंच तो मटकन बसला. त्याची छाती भात्यासारखी हलत होती.

सविताला भीती वाटली. इतक्या वर्षांत काहीच वाटलं नव्हतं. हाक मारावी, घरात घ्यावं, हातात काहीतरी खायला द्यावं, असं फार वाटलं. तिनं फाटक घट्ट धरलं आणि तो आपला आपण उठेपर्यंत हाक मारली नाही.