तिसरी हाक

आमचे मालक, म्हंजी माझे घरधनी, किराण्याच्या गादीवर बसले की दिवे लागेपस्तोर उठायचे न्हाईत. तराजूसुद्धा नोकरानं पुढ्यात सरकवायचा. जालन्याच्या डॉक्टरनं त्यांना तोंडावर सांगितलं, "रोज कोसभर चाला, न्हाईतर या काळजाचा भरवसा मी देत न्हाई." माझ्या तोंडचं पाणी पळालं. यांना मात्र काई न्हाई! "शेतकरी चालून चालून मरतो, मी बसून मरीन," म्हणायचे.

आमच्या टेंभुर्णीत नरहर मास्तर होते. शाळेत कवायत शिकवून रिटायर झालेले. दुकानातली बसकी माणसं चालावी म्हणून बाजारच्या दिवशी भोंगा लावून भाषण ठोकायचे. रक्ताभिसरण काय, राष्ट्र काय! लोक भजी खात ऐकायचे अन् पुन्हा बसायचे. एकदा माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, "मास्तर, राष्ट्रासाठी कोण उठतंय? पहाटं दारात या अन् नाव घेऊन हाक मारा."

मास्तर आले बराबर. "तातेराव!" करून मालकांना हाक मारली, शेजारीपाजारी मारली. एक दार उघडलं न्हाई. उघडणार कसं? आमच्याकडं हाकामारीचं भ्या. अंधारात दारात येऊन ती नाव घेते, ओ दिली की माणूस खलास. पण तिला तिसरी हाक मारता येत न्हाई, असं जुनी माणसं सांगायची. म्हणून मीच मास्तरांना म्हटलं, "तीनदा मारा."

मंग बघा! तिसऱ्या हाकेला दारं उघडायला लागली. सोनार, शिंपी, आमचे मालक, सगळी वरात माळावरच्या मारुतीपस्तोर जायची. मालकांची धाप कमी झाली. "तू बी चल," म्हणायचे. मी म्हणायची, "अन् चूल काय तुमचा मास्तर पेटवील?" माझेच गुडघे सुजलेले, पण लोका सांगे ब्रह्मज्ञान.

पंच्याहत्तरच्या थंडीत मास्तर गेले. मालकांनी खांदा दिला, घरी आले अन् गादीवर बसले ते बसलेच. धाप परत आली. मी रडले, भांडले, भाकरी थापणार न्हाई म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मंग एका पहाटं हाक आली. "तातेराव!" मास्तरांचाच कवायतीचा आवाज. गल्लीतलं कुत्रं भुंकलं न्हाई. दुसरी हाक आली. मालक चपला हातात घेऊन दाराकडं बघत बसले. तिसरी काही येईना. मालक हळूच पुन्हा खाटेवर आडवे व्हायला लागले. मला वाटलं, बाहेरचं नेईल का न्हाई ते देव जाणे, पण ही खाट याला नक्की नेणार.

मी मागच्या दारानं बाहेर गेले. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतात, तेच घेतलं. "तातेराव!"

ते चपला घालून माळाकडं निघाले. मी उंबऱ्यावर जीव मुठीत धरून बसले. उन्हं आली तवा घामेघूम होऊन हसत आले. म्हणाले, "मास्तर पुढं चालतात. पाठ दिसती, पण तोंड फिरवत न्हाईत." जिता परत आला, मला बास होतं.

तवापासून रोज दोन हाका मास्तरांच्या, तिसरी माझी. डॉक्टर म्हणाला, "छान, असंच चालू द्या." कुणासोबत धाडून राह्यले, ते मी त्याला सांगितलं न्हाई.

काल पहाटं मी चुलीपाशी गुडघे चोळत बसल्ते. दारात मास्तरांचा आवाज आला. "कांताबाई!"

हात तिथंच राहिला. दुसरी हाक आली. मालक चपला घालून उंबऱ्यात उभे होते. मी मान हलवून न्हाई, न्हाई करून राह्यले. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडं बघितलं. डोळे भरून आल्ते त्यांचे. जन्मभर मला नुसतं 'अगं' म्हणणारा माणूस, पण बाहेर वळला अन् मायेनं म्हणाला, "कांता."

मी ओ दिली.