मला न ऐकताच पसंत केलं

मी बोलतेय ती बैठकीच्या खोलीतल्या मधल्या फळीवरून. खालच्या फळीवर ॲम्प्लिफायर, दोन्ही बाजूंना उंच स्पीकर आणि मध्ये ऐसपैस बसलेली मी, सीडी प्लेअर.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. सीडी वाचणारं माझं भिंग तपासलं, पास केलं आणि मला खोक्यात घातलं. मग दुकानातलं काचेचं कपाट. लोक यायचे, "आता सीडी कोण ऐकतं!" म्हणून पुढे जायचे. माझ्या मागून आलेले चिमुकले स्पीकर पटापट उजवले गेले. मी आपली लग्नाची राहिलेली थोरली, धूळ खात बसले.

एक दिवस काका-काकू आले. काकांनी जन्मभर रेडिओवर ध्वनिमुद्रण केलेलं, कानांचा भारी अभिमान. काकू कितीतरी दिवस म्हणत होत्या, "अहो, कान तपासून घ्या." काकांचं एकच, "कान ठणठणीत आहेत. जुन्या प्लेअरचा आवाज बसलाय." म्हणून ही खरेदी.

काकांनी मला उचललं. "बघ, चांगला प्लेअर असा वजनदार असतो. ट्रे कसा अलगद सरकतोय!"

या वयात माझ्या वजनाचं कौतुक! मी लाजून चूर.

मग परीक्षा. दुकानदारानं मला आणि एका महागड्या प्लेअरला एकाच ॲम्प्लिफायरला जोडलं, दोघांत एकच गाणं. काका डोळे मिटून बसले. आधी तो वाजला. "ठीक," काका म्हणाले, "आता दुसरा." तेवढ्यात दुकानदाराला फोन आला आणि बटण फिरवायचं राहूनच गेलं. पुन्हा तोच वाजला. मी मुकाट.

"वा! जमीन-अस्मानाचा फरक! हाच द्या!" काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दुकानदार तोंड उघडणार, तोच काकूंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. "द्या बांधून," त्या म्हणाल्या. अशी मी, सूरही न काढता, या घरात आले.

पण घरी येऊन चारच दिवस झाले आणि काकांनी माझ्यावर ठपका ठेवला. "याचाही आवाज बसलाय! परत करू." माझं भिंग धडधडायला लागलं. परत ते काचेचं कपाट!

"शेवटचं बघतो," म्हणून त्यांनी स्वतःच ध्वनिमुद्रित केलेली एक सीडी माझ्यात घातली. मी जीव ओतून वाजले.

"बघ, इथे बारीक घंटा आहेत. माइक मी लावला होता. कुठे गेल्या?"

काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. या वेळी मात्र त्यांनी पांघरूण घातलं नाही.

"वाजतायत हो," त्या हळूच म्हणाल्या.

"वाजतायत?"

"हो. छान वाजतायत."

काकांनी माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, आता उचलतात. पण त्यांनी नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उद्या जाऊ या. कानांच्या डॉक्टरांकडे."

आता त्यांच्या कानात माझ्याहून कितीतरी सडपातळ यंत्र आहे. असू दे, मी कुठे जळतेय! त्यानं बोलणं नीट ऐकू येतं, पण गाण्यातलं सगळंच येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी काकू शेजारी बसतात. "मला तर सगळे प्लेअर सारखेच," असं म्हणणारी ही बाई घंटा आल्या की काकांच्या तळहातावर बोटानं टकटक करते.

माझं मागणं फार नाही. भिंगावरची धूळ तेवढी मऊ हातानं काढा, आणि मला एकटीला वाजत ठेवून उठून जाऊ नका. शेजारी कुणी बसलेलं असलं की मी बरी वाजते.

आत्ताही दोघं बसलेत.

"चुकलीस," काका म्हणतायत, "अर्धा ठोका उशीर झाला."

"मग तुम्हीच वाजवा माझ्या हातावर!"

आणि काका वाजवतायत. ऐकू न येणाऱ्या घंटा, अगदी ठोक्यावर.